विश्लेषण : बिअरवाल्या गिनेस घराण्याने विमानांना काय दिलं?

गिनेस म्हटलं की आपल्याकडे आधी आठवतं ते विक्रमांचं पुस्तक. कुणी गावभर रांगोळी काढली किंवा कढईभर नव्हे, तर हौदभर खिचडी शिजवली की दुसऱ्या दिवशी बातमी येते, 'गिनेस बुकात नोंद'. हे पुस्तक एका बिअर कंपनीतून आलं, हे अनेकांना माहीत असतं. त्यामागचं निमित्त मात्र मजेशीर आहे. नोव्हेंबर १९५१ मध्ये गिनेस कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक सर ह्यू बीव्हर आयर्लंडमधल्या वेक्सफर्ड परगण्यात शिकारीला गेले होते. युरोपात शिकारीच्या पक्ष्यांमध्ये सगळ्यात वेगाने कोण उडतं, यावरून तिथे वाद झाला आणि उत्तर एकाही पुस्तकात सापडेना. अशा वादांचा निकाल लावणारं पुस्तक आपणच काढावं, असं त्यांच्या मनात आलं आणि १९५५ मध्ये पहिली आवृत्ती निघाली.

म्हणजे पुस्तकाची सुरुवातही उडण्याच्या वेगावरूनच झाली. पण गिनेस या नावाचा उडण्याशी संबंध त्याच्या कितीतरी आधीपासूनचा आहे. पहिल्या महायुद्धातली विमानं, श्रीमंती थाटाची उडती बोट, दुसऱ्या महायुद्धातली 'लक्षाधीशांची तुकडी' आणि अमेरिकी बॉम्बर विमानांचं मुख्यालय, या सगळ्या ठिकाणी हे आडनाव भेटतं. हा संबंध नेमका काय होता आणि त्यातलं खरोखर टिकलं काय, हे समजून घेऊ.

गिनेस घराणं नेमकं कोणतं?

१७५९ मध्ये आर्थर गिनेस यांनी डब्लिनमधल्या सेंट जेम्सेस गेट इथली एक बंद पडलेली बिअरची भट्टी भाड्याने घेतली. भाडं वर्षाला ४५ पौंड आणि करार तब्बल ९,००० वर्षांचा! पुढच्या सव्वाशे वर्षांत इथली काळी, दाट फेसाची बिअर जगभर पोहोचली. १८८६ मध्ये आर्थर यांचे पणतू एडवर्ड सेसिल गिनेस यांनी कंपनीचे शेअर लंडनच्या बाजारात विकायला काढले, तेव्हा तिचं मोल ६० लाख पौंड धरलं गेलं. पुढे एडवर्ड सेसिल यांना 'अर्ल ऑफ आयव्ही' हा किताब मिळाला.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. गिनेस आडनावाच्या दोन मोठ्या शाखा आहेत. एक आर्थर यांची, म्हणजे बिअरवाल्यांची. दुसरी आर्थर यांचा भाऊ सॅम्युएल याची. तो डब्लिनमध्ये सोनार होता आणि त्याच्या वंशजांनी पुढे बँकिंगमध्ये जम बसवला. विमानांच्या गोष्टीत दोन्हीकडची माणसं येतात, पण मुख्य पात्रं बिअरवाल्या शाखेची आहेत. त्यातले दोघे तर सख्खे चुलत भाऊ होते : केनेल्म ली गिनेस आणि आर्थर अर्नेस्ट गिनेस.

त्या काळी उडायला श्रीमंत असणं का गरजेचं होतं?

विमान हे आधी हौशी आणि पैसेवाल्यांचं खूळ होतं. विमान विकत घ्यायचं, ते ठेवायला शेड बांधायची, मेकॅनिक पदरी बाळगायचा आणि आठवड्याला एकदा ते आपटलं की पुन्हा जोडायचं, हा खर्च पगारदार माणसाच्या आवाक्यातला नव्हता. ब्रिटनमधले सुरुवातीचे वैमानिक पाहिले तर हे कळतं. रोल्स-रॉइसमधले चार्ल्स रोल्स एका सरदार घराण्यातले होते. जुलै १९१० मध्ये बोर्नमथ इथे विमान कोसळून त्यांचा मृत्यू झाला.

लष्करी उड्डाणालाही हाच नियम लागू होता. पहिल्या महायुद्धाआधी ब्रिटिश लष्करात वैमानिक व्हायचं असेल तर उमेदवाराने आधी स्वतःच्या खर्चाने खासगी संस्थेत शिकून रॉयल एरो क्लबचं प्रमाणपत्र मिळवायचं, अशी पद्धत होती. निवड झाली तर सरकार ७५ पौंड परत द्यायचं. म्हणजे देशासाठी उडण्याआधीही खिशात पैसे असावे लागायचे.

पुढे १९२०च्या दशकात डी हॅविलँड कंपनीची 'मॉथ' ही हलकी विमानं आली आणि किमती खाली आल्या. तरीही दशकाच्या अखेरीस असं एक विमान साधारण ६५० पौंडांना पडायचं. बिअरच्या नफ्यावर वाढलेल्या मुलांना ही रक्कम जड नव्हती. प्रश्न एवढाच होता की हाती आलेल्या मोकळिकीचं कुणी काय केलं.

केनेल्म ली गिनेस कोण होते?

१८८७ मध्ये डब्लिनला जन्मलेल्या केनेल्म यांना बिअरच्या धंद्यात रस नव्हता. त्यांना वेड होतं मोटारींच्या शर्यतींचं. मोठे बंधू अल्जरनन हेही शर्यतपटू. आधी भावाच्या शेजारी मेकॅनिक म्हणून बसत केनेल्म स्वतः चालक झाले आणि १९१४ मध्ये आइल ऑफ मॅन बेटावरची प्रतिष्ठेची 'टूरिस्ट ट्रॉफी' शर्यत त्यांनी सनबीम गाडी चालवून जिंकली.

शर्यतीत त्यांना एक अडचण सारखी छळायची. इंजिन दणकट, टायर ठीक, पेट्रोल भरपूर. पण गाडी मध्येच गचके खायला लागायची. दोषी असायचा स्पार्क प्लग. बाजारात मिळणारे प्लग शर्यतीच्या इंजिनाची उष्णता सहन करत नव्हते. मग १९१२च्या सुमारास केनेल्म यांनी स्वतःच्या गाडीसाठी स्वतःच प्लग बनवायला घेतले. ते टिकले. बाकीचे चालकही मागायला लागले. लंडनजवळ पटनी व्हेल इथे त्यांनी छोटा कारखाना थाटला आणि प्लगला आपल्या नावाची आद्याक्षरं दिली : के. एल. जी.

कारखान्यासाठी जागा कोणती मिळाली? 'बाल्ड फेस्ड स्टॅग' नावाचा बंद पडलेला एक जुना पब. बिअर सोडून निघालेल्या गिनेसचा कारखाना शेवटी बिअरच्याच दुकानात सुरू झाला.

एवढ्याशा प्लगमध्ये इतकं अवघड काय असतं?

ज्यांच्या घरी जुनी बजाज स्कूटर होती, त्यांना हे सांगायची गरज नाही. स्कूटर सुरू होत नसेल तर ती एका बाजूला कलंडवायची, तरीही नाही झाली तर डिकीतला पाना काढून प्लग सोडवायचा, काजळी पॉलिश पेपरने घासायची आणि पुन्हा लावायचा. 'प्लगमध्ये कचरा आलाय' हे वाक्य महाराष्ट्रातल्या एका पिढीला पाठ आहे.

प्लगचं काम साधं आहे. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलं गेलं की नेमक्या क्षणी तिथे ठिणगी पाडायची. त्यासाठी प्लगच्या मधोमध असलेल्या धातूच्या काडीतून काही हजार व्होल्टची वीज जाते. ही वीज टोकावरच्या फटीतून उडी मारते आणि ठिणगी पडते. पण काडीभोवती वीजरोधक आवरण हवं. ते तडकलं तर वीज वाटेतच बाहेरच्या धातूच्या कवचाकडे पळते आणि ठिणगी पडतच नाही.

सुरुवातीच्या प्लगमध्ये हे आवरण चिनी मातीचं, म्हणजे पोर्सेलीनचं असायचं. गरम कपबशी एकदम थंड पाण्यात घातली तर ती तडकते, तसंच इथे व्हायचं. सिलिंडरमध्ये क्षणात जाळ, क्षणात थंड हवा. त्यात जोरदार हादरे. सध्या गावात फिरणाऱ्या गाडीला हे चालून जायचं. शर्यतीच्या गाडीला चालायचं नाही आणि विमानाला तर नाहीच नाही. गाडी बंद पडली तर रस्त्याच्या कडेला लावता येते. विमानाला कडा नसते.

पहिल्या महायुद्धातल्या विमानांची आणखी एक तऱ्हा होती. त्यातल्या अनेकांना 'रोटरी' इंजिनं होती, ज्यात पंख्याबरोबर अख्खं इंजिनच गरागरा फिरायचं. त्याला वंगण म्हणून वापरायचे ते चक्क एरंडेल, कारण ते पेट्रोलमध्ये विरघळत नाही. हे तेल सिलिंडरमध्ये शिरायचं, जळायचं आणि प्लगवर काजळीचा थर बसायचा. शत्रूच्या हद्दीवर उडताना प्लग असा माखला तर वैमानिकापुढे पर्याय मोजकेच उरत : जमेल तिथे उतरणं, पकडलं जाणं किंवा कोसळणं. त्या काळी ब्रिटिश वैमानिकांना पॅराशूटही दिलं जात नव्हतं.

केएलजी प्लग वेगळा कसा होता?

केनेल्म यांनी चिनी मातीऐवजी अभ्रक वापरला. आयुर्वेदातल्या अभ्रक भस्मामुळे हा शब्द आपल्याला परिचयाचा आहे. अभ्रकाचे कागदाहून पातळ, चमकदार पापुद्रे निघतात. हे पापुद्रे वीज अडवतात, प्रचंड उष्णता सोसतात आणि ती अचानक बदलली तरी चिनी मातीसारखे तडकत नाहीत.

प्लगच्या मधल्या काडीभोवती आधी अभ्रकाचा पातळ पत्रा गुंडाळायचा. मग अभ्रकाच्या गोल चकत्या एकावर एक ओवत जायच्या, त्या घट्ट दाबायच्या आणि लेथवर घासून गुळगुळीत करायच्या. काम किचकट, हाताचं आणि महाग. पण तयार होणारा प्लग दणकट असायचा.

इथे भारताचा संबंध येतो. त्या काळी जगाला पत्रीच्या अभ्रकाचा सगळ्यात मोठा पुरवठा भारतातून होत होता. आजच्या झारखंडमधला कोडरमा-हजारीबाग पट्टा आणि आंध्र प्रदेशातला नेल्लोर परिसर ही त्याची मुख्य ठिकाणं. अभ्रकाच्या कांड्या फोडून, सुरीने पापुद्रे वेगळे करण्याचं काम तिथले मजूर, त्यातही मोठ्या संख्येने बायका आणि मुलं, हाताने करत. युद्धात वीजयंत्रं, रेडिओ आणि इंजिनं यांच्यासाठी अभ्रक इतका गरजेचा ठरला की ब्रिटिश सरकारने भारतातून होणाऱ्या त्याच्या निर्यातीवर नियंत्रण आणलं.

पहिल्या महायुद्धात या प्लगला इतकं महत्त्व का आलं?

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा ब्रिटनच्या एक अवघड गोष्ट लक्षात आली. इंजिनात ठिणगीसाठी वीज तयार करणारं यंत्र, म्हणजे मॅग्नेटो, ब्रिटन जवळजवळ पूर्णपणे जर्मनीच्या बॉश कंपनीकडून घेत होतं. शत्रूच्याच मालावर आपली विमानं आणि लॉऱ्या चालत होत्या. एका रात्रीत हा पुरवठा थांबला आणि ठिणगी पाडण्याची अख्खी व्यवस्था देशातच उभी करण्याची वेळ आली.

अशा वेळी पटनी व्हेलच्या जुन्या पबमध्ये उष्णता सोसणारे प्लग बनवणारा कारखाना तयार होता. शर्यतीसाठी सुरू झालेलं काम विमानांकडे वळलं. मागणी वाढत गेली तसा पबभोवती कारखाना पसरत गेला. केएलजी आणि लॉज या ब्रिटनमधल्या विमानांच्या प्लगच्या दोन प्रमुख कंपन्या ठरल्या. लॉज कंपनी ही भौतिकशास्त्रज्ञ सर ऑलिव्हर लॉज यांच्या मुलांची होती.

हा प्लग कोणत्याही एका विमानाचा किंवा वीराचा नव्हता. त्यामुळे युद्धाच्या गोष्टींत त्याचं नाव सहसा येत नाही. पण तो वेळेवर ठिणगी पाडत राहिला तरच वैमानिक परत यायचा.

विमानाचं इंजिन पुन्हा रस्त्यावर कसं आलं?

युद्ध संपल्यावर केनेल्म पुन्हा शर्यतीकडे वळले. सनबीम कंपनीने एक अजब गाडी बनवली होती. तिला बारा सिलिंडरचं, १८ लिटरहून मोठं इंजिन होतं आणि ते विमानाच्या इंजिनावर बेतलेलं होतं. १७ मे १९२२ रोजी ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर केनेल्म यांनी ही गाडी ताशी १३३.७५ मैल, म्हणजे सुमारे २१५ किलोमीटर वेगाने पळवून जमिनीवरच्या वेगाचा जागतिक विक्रम केला. पुढे हीच गाडी माल्कम कॅम्पबेल यांनी घेतली, तिला 'ब्लू बर्ड' हे नाव दिलं आणि हा विक्रम आणखी पुढे नेला.

१९२४ मध्ये मात्र स्पेनमधल्या सॅन सेबॅस्टियन ग्रां प्री शर्यतीत केनेल्म यांच्या गाडीला भीषण अपघात झाला. शेजारी बसलेले मेकॅनिक टॉम बॅरेट यांचा मृत्यू झाला. केनेल्म यांच्या डोक्याला गंभीर दुखापत झाली आणि त्यांची शर्यतीची कारकीर्द तिथेच संपली. पुढच्या वर्षापासून ग्रां प्री शर्यतींमध्ये चालकाशेजारी मेकॅनिक बसवण्याची पद्धत बंद झाली. १९२७ मध्ये केएलजी कंपनी मोटारी आणि विमानांची उपकरणं बनवणाऱ्या 'स्मिथ्स'कडे गेली. १९३७ मध्ये केनेल्म यांचं निधन झालं.

अर्नेस्ट गिनेस यांची उडती बोट काय होती?

केनेल्म यांचे चुलत भाऊ अर्नेस्ट यांची गोष्ट अगदी वेगळी. पहिले अर्ल एडवर्ड सेसिल यांचे ते मधले पुत्र. जन्म १८७६. यंत्रांचं शिक्षण घेतलेले अर्नेस्ट डब्लिनच्या बिअर कारखान्याच्या कारभारात होते. त्यांना शिडाच्या बोटींचा शौक होता. 'फँटोम टू' या बोटीतून त्यांनी मुलींसह पृथ्वीप्रदक्षिणा केली होती. वयाच्या पन्नाशीत त्यांना उडण्याचा नाद लागला.

त्याच सुमारास इंग्लंडच्या साउथॅम्प्टनमध्ये सुपरमरीन कंपनी अडचणीत होती. डेन्मार्कच्या नौदलासाठी तिने टॉर्पेडो वाहून नेणारं तीन इंजिनांचं विमान बनवलं होतं. नाव होतं 'नानोक', म्हणजे ध्रुवीय अस्वल. १९२७ मध्ये ते उडालं, पण ठरलेल्या कसोट्यांना उतरलं नाही आणि डेन्मार्कने ते नाकारलं. नौदलाला नको असलेलं हे युद्धविमान १९२८ मध्ये अर्नेस्ट यांनी विकत घेतलं. त्यात ऐसपैस केबिन करून घेतली आणि त्याचं नाव 'सोलेंट' झालं.

पाण्यावर उतरणारं विमानच का? तेव्हा विमानतळ मोजके होते आणि आयर्लंडला तळी, खाड्या भरपूर. शिवाय इंग्लंड ते आयर्लंड हा प्रवास एरवी रेल्वे, मग बोट आणि पुन्हा रेल्वे असा लांबचा. अर्नेस्ट साउथॅम्प्टनच्या खाडीतून उडायचे आणि डब्लिनजवळच्या डन लॅरी बंदरात उतरायचे. कधी थेट पश्चिमेला लॉक कॉरिब या तळ्यावर, जिथे काठावर गिनेस घराण्याचा ॲशफर्ड कॅसल हा किल्लेवजा वाडा होता.

सोलेंटवर समाधान झालं नाही म्हणून त्यांनी सुपरमरीनकडे आणखी एक विमान बनवायला दिलं. त्याचं नावच 'एअर यॉट', म्हणजे हवेतली विहारनौका. मालकासाठी झोपायची खोली, अंघोळीची सोय, पाहुण्यांसाठी बैठक. फेब्रुवारी १९३० मध्ये ते उडालं, पण जड आणि संथ निघालं. अर्नेस्ट यांनी ते घ्यायला नकार दिला. दोन वर्षांहून अधिक काळ पडून राहिल्यावर ते एका अमेरिकी बाईंनी घेतलं आणि जानेवारी १९३३ मध्ये इटलीच्या काप्री बेटाजवळ त्याची अखेर झाली.

मग स्पिटफायर विमानामागेही गिनेसचा पैसा होता का?

हा प्रश्न पडणं स्वाभाविक आहे. कारण सोलेंट आणि एअर यॉट या दोन्हींचे आराखडे आर. जे. मिचेल यांचे होते. दुसऱ्या महायुद्धात गाजलेलं स्पिटफायर घडवणारे अभियंता ते हेच. ५ मार्च १९३६ रोजी स्पिटफायरने पहिलं उड्डाण केलं. त्यानंतर सव्वा वर्षात, जून १९३७ मध्ये मिचेल यांचं कर्करोगाने निधन झालं.

पण याचं उत्तर 'नाही' असंच द्यावं लागेल. स्पिटफायरचा पाया घातला तो मिचेल यांच्या वेगवान शर्यती विमानांनी. त्यांनी १९२७, १९२९ आणि १९३१ मध्ये श्नायडर ट्रॉफी जिंकली. १९३१ मध्ये सरकारने हात आखडता घेतला तेव्हा १ लाख पौंड देणाऱ्या लेडी ह्यूस्टन या जहाज व्यवसायातल्या धनिकाच्या विधवा होत्या. अर्नेस्ट यांच्या मोठ्या, आरामशीर उडत्या बोटींचा त्या वाटेशी थेट संबंध नव्हता. एकाच टेबलावर एकाच माणसाने दोन्ही कामं केली, इतकंच.

'लक्षाधीशांची तुकडी' म्हणजे काय?

१९२०च्या दशकात ब्रिटिश हवाई दलाने हौशी वैमानिकांच्या राखीव तुकड्या उभारल्या. हे लोक आठवडाभर आपापला धंदा सांभाळायचे आणि शनिवार-रविवारी लष्करी विमानं उडवायचे. १९२५ मध्ये सुरू झालेल्या ६०१ क्रमांकाच्या तुकडीत लंडनच्या उच्चभ्रू क्लबांतले इतके तरुण होते की तिला 'लक्षाधीशांची तुकडी' हेच नाव पडलं. गणवेशाच्या कोटाला आतून लाल रेशमी अस्तर लावण्याची त्यांची टूम प्रसिद्ध होती.

याच तुकडीत लोएल गिनेस होते. ते बँकवाल्या शाखेतले. जन्म १९०६. १९२९ मध्ये त्यांच्याकडे स्वतःचं विमान होतं. १९३१ पासून १९४५ पर्यंत ते बाथ मतदारसंघाचे खासदार होते आणि युद्धकाळात हवाई दलात ग्रुप कॅप्टन या हुद्द्यापर्यंत पोहोचले. समुद्र संशोधक जाक कुस्तो यांची 'कॅलिप्सो' ही बोट अनेकांनी टीव्हीवर पाहिली असेल. १९५० मध्ये ती विकत घेऊन वर्षाला एक फ्रँक इतक्या नाममात्र भाड्याने कुस्तो यांना देणारे हेच लोएल.

तुकडीचं नाव गमतीचं असलं तरी १९४० चा उन्हाळा गमतीचा नव्हता. ब्रिटनवरच्या हवाई लढाईत ही तुकडी हरिकेन विमानं घेऊन लढली. श्रीमंत अमेरिकी बँकरचा मुलगा बिली फिस्क १७ ऑगस्टला जखमांनी गेला. विली ऱ्होड्स-मूरहाउस ६ सप्टेंबरला विमानासह कोसळला. त्याचे वडील १९१५ मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे पहिले वैमानिक होते आणि ते त्याच कामगिरीत गेले होते. जसजसे जुने सदस्य मारले गेले किंवा बदलून गेले, तसतशी तुकडी सर्वसामान्य घरांतून आलेल्या वैमानिकांनी भरत गेली. लढाई संपेपर्यंत 'लक्षाधीश' हे बरंचसं नावापुरतं उरलं होतं.

बॉम्बर विमानांच्या मुख्यालयाशी गिनेसचा संबंध कसा?

या घराण्याचा आणखी एक धागा थेट भारताकडे जातो. इंग्लंडच्या सफोक परगण्यात एल्वेडन हॉल नावाचा प्रचंड वाडा आहे. पंजाबचे पदच्युत महाराजा दुलीप सिंग यांनी तो १८६३ मध्ये घेतला आणि आतून भारतीय राजवाड्यासारखा सजवला. १८९३ मध्ये त्यांचं पॅरिसला निधन झालं. एल्वेडनच्याच चर्चच्या आवारात त्यांना पुरलं आहे. पुढच्या वर्षी हा वाडा आणि भोवतालची जमीन एडवर्ड सेसिल गिनेस यांनी विकत घेतली. त्यांनी वाड्याला भारतीय शैलीतला संगमरवरी दिवाणखाना जोडला.

दुसऱ्या महायुद्धात पूर्व इंग्लंडमध्ये अमेरिकी हवाई दलाचे तळच तळ उभे राहिले आणि एल्वेडन हॉलमध्ये आठव्या हवाई दलाच्या तिसऱ्या बॉम्बर डिव्हिजनचं मुख्यालय आलं. तिचे प्रमुख जनरल कर्टिस लेमे पुढे १९४४ मध्ये बंगालमधल्या खरगपूरला आले आणि तिथून जपानविरुद्धच्या हवाई मोहिमेत उतरले. पंजाबच्या महाराजाचा वाडा, बिअरवाल्याची मालकी आणि अमेरिकी बॉम्बरचे नकाशे असा योग त्या एका इमारतीत जुळून आला.

गिनेस कंपनीने स्वतः विमान व्यवसाय का केला नाही?

आपल्याकडे बिअर आणि विमान या दोन गोष्टी एकत्र आल्या की किंगफिशर आठवते. मे २००५ मध्ये बिअरचंच नाव घेऊन ती विमान कंपनी सुरू झाली आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये जमिनीवर आली. तिथे बिअरचा ब्रँडच विमानांवर झळकला.

गिनेसची गोष्ट तशी नाही. इथे कंपनी उडाली नाही, माणसं उडाली. डब्लिनचा कारखाना बिअरच बनवत राहिला. विमानांचा खर्च ज्याने त्याने आपल्या खिशातून केला. अर्नेस्ट यांची एअर यॉट फसली, पण त्याची झळ बिअरच्या हिशेबाला लागली नाही.

मग या सगळ्यातून टिकलं काय?

स्पिटफायर आणि हरिकेन या दोन्ही विमानांत रोल्स-रॉइसचं 'मर्लिन' इंजिन होतं. त्याला बारा सिलिंडर आणि प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, म्हणजे एकूण २४. एक बिघडला तर दुसऱ्याने काम चालवावं, यासाठी ही दुहेरी सोय. पूर्ण जोरात हे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घ्यायचं. प्रत्येक प्लगला सेकंदाला २५ वेळा ठिणगी पाडावी लागायची. २४ प्लगचा हिशेब केला तर एका विमानात सेकंदाला ६०० ठिणग्या होतात.

या इंजिनासाठी केएलजी आणि लॉज या दोन्ही कंपन्यांचे प्लग वापरले जात. तोवर पेट्रोलमध्ये शिसं मिसळायला लागले होते आणि ते अभ्रकाला खायचं. त्यामुळे अभ्रकाची जागा ॲल्युमिनापासून भट्टीत भाजून केलेल्या कठीण सिरॅमिकने घेतली. केनेल्म यांची मूळ युक्ती अशी मागे पडली, पण कारखाना आणि नाव चालू राहिलं. आजच्या दुचाकी आणि गाड्यांच्या प्लगवर दिसणारं पांढरं आवरण त्याच जातीच्या सिरॅमिकचं असतं.

हवेतली विहारनौका समुद्रात गेली. लक्षाधीशांच्या तुकडीतले लक्षाधीश पांगले. बिअरच्या पैशाने विमानांसाठी केलेली सगळ्यात उपयोगी गोष्ट बोटभर लांबीची निघाली. एका शर्यतपटूने ती आपली गाडी मध्येच बंद पडू नये म्हणून बनवली होती.